पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधा

माझ्या वडिलांनी त्यांची हयातपट्टी एकदा बकरीच्या पायाला बांधली होती. आमच्या ऑफिसात हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला की तो माझ्या घरातला आहे, हे नवीन लोकांना माहीतही नसायचं.

जानेवारी २०४४ ची गोष्ट. त्याआधीपर्यंत पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचा दाखला देत. रांग, अंगठा, झिजलेल्या रेषा. जिवंत माणसाला जिवंत ठरवायला कधी कधी दोन तास लागत. आमच्या निवृत्ती निधीने ते बंद केलं आणि मनगटावर बांधायची बोटभर रुंदीची पट्टी दिली. पट्टी नाडी मोजते, त्वचेचं तापमान मोजते आणि दिवसातून चार वेळा कळवते की हा माणूस आहे.

बाबांना तो अपमान वाटला. "बत्तीस वर्सं पोलवर चढलो, तवा कोनी इचारलं नाही जिवंत हाये का म्हनून," ते म्हणाले, आणि पट्टी शेजारच्या तुळसाबाईच्या बकरीला बांधून मोकळे झाले. बारा दिवस निधीच्या संगणकाने त्या बकरीला देवराव ठेंगरी, निवृत्त लाईनमन, ब्रह्मपुरी, असं मानलं. तेराव्या दिवशी निधीचा डॉक्टर घरी आला. पेशंटला सतत ताप आहे, झोपेतही नाडी उतरत नाही, पेशंट कुठे आहे? बाबांनी अंगणाकडे बोट दाखवलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने बकरीची नाडी पाहिली आणि कागदावर 'प्रकृती उत्तम' असं लिहून दिलं.

त्या निधीची मी अ‍ॅक्च्युअरी आहे, म्हणजे आयुष्याचा आणि पैशाचा मेळ घालणारी गणिती. त्या दिवशी नागपूरच्या ऑफिसात सगळे हसत होते आणि मी खाली मान घालून एक नियम लिहीत होते. रात्री नाडी उतरत नसेल आणि त्वचा सलग दोन रात्री अडतीस अंशांच्या वर असेल, तर ती पट्टी माणसाच्या अंगावर नाही. ती मोजणीतून गाळावी आणि सभासदाला संदेश पाठवावा: कृपया पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधा. जानेवारीच्या आकड्यांवर मी नियम चालवून पाहिला. सबंध विदर्भात सतरा चोर सापडले: काही बकऱ्या, एक म्हैस, आणि वरोऱ्याच्या एका गृहस्थांनी पट्टी गिझरच्या नळाला गुंडाळली होती. एकही माणूस चुकीने गाळला गेला नाही. माझा सहकारी इम्तियाज काझी याने नियमाला नाव दिलं, बकरी गाळणी. संध्याकाळी मी बाबांना फोन करून इतकी बोलले की शेवटी ते म्हणाले, "बांधतो वं माय. आता मरेपर्यंत काढत नाही."

*

माझं काम आईला मी कधी नीट समजावू शकले नाही. ती लोकांना सांगायची, "मोनाली मरनाचा हिसोब करते." तसं ते बरोबरच आहे. सत्तरीच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जातील हे आम्हाला बऱ्यापैकी माहीत असतं. कोण जाईल हे अजिबात माहीत नसतं. कोण हे माहीत नसल्यामुळेच सगळे एका पातेल्यात घालायला तयार होतात, आणि जो जास्त जगतो त्याला त्यातून शेवटपर्यंत मिळतं.

उन्हाळे वाढू लागले तेव्हा या गणितात एक ओंगळ गोष्ट दिसू लागली. एका विश्वस्तांनी बैठकीत अगदी सरळपणे विचारलं होतं, "म्हातारी माणसं उन्हाने लवकर जाणार असतील, तर निधीवरचा भार हलकाच होईल ना?" ते दुष्ट नव्हते. तक्ता तेच सांगत होता.

मी उत्तर दिलं होतं आणि त्या उत्तराचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. सभासद मेल्यावर ज्याचं गणित जुळतं त्या निधीने आपल्याच माणसांच्या मरणावर पैज लावलेली असते, असं मी म्हटलं. शिवाय ती पैज शेवटी हरायचीच आहे. ज्या उन्हाने म्हातारे जातील तेच ऊन खांबावरच्या तरुण लाईनमनला खाली पाडेल, आणि वर्गणी तर त्याचीच येते. आपले पैसे ज्या वीजवाहिन्यांत, रस्त्यांत, गावांत गुंतलेत ती गावंच ओस पडतील. आपण माणसाला चाळीस वर्षांचा शब्द देतो. चाळीस वर्षं राहता येईल असा मुलूख राखणं हा त्या शब्दाचाच भाग आहे.

त्यातून गारवा केंद्रं आली. निधीने कोळशाच्या प्रकल्पांतून रक्कम काढून बारा गावांत जाड भिंतींचे, पांढऱ्या छपरांचे हॉल बांधले. हिवाळ्यात आणि वसंतात सौर विजेवर बर्फ करून तो जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचा; लाटेच्या दिवसांत वीज गेली तरी हॉल थंड राहतो. दवाखान्यात जेवढी माणसं कमी येतील तेवढा परतावा सरकार निधीला देतं. अडचण एकच होती. साठवलेली थंडी दहा दिवस पुरते. दार लवकर उघडलं तर लाट येईपर्यंत टाकी रिकामी. उशिरा उघडलं तर काय, ते सांगायला नको. आणि कधी उघडायचं हे माणसांवर सोडलं की प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या वॉर्डातलं दार आज उघडून हवं असतं.

म्हणून दार आकड्याने उघडायचं ठरलं. माणूस उन्हाने बहुधा भर दुपारी मरत नाही. दिवसभर हृदय त्वचेकडे रक्त ढकलून अंग निववतं आणि रात्री विसावतं. नाडी पंधरा-वीस ठोक्यांनी उतरते. रात्रच निवली नाही तर ते उतरणं होत नाही. एक रात्र, दोन रात्री शरीर उधारीवर चालतं. अशा रात्री वाढत गेल्या की आठवड्या-दहा दिवसांत एका पहाटे थांबतं. पट्ट्यांमुळे हे आम्हाला पहिल्यांदाच आधी दिसू लागलं होतं, माणूस जाण्यापूर्वी आठवडाभर. गावातल्या पट्ट्यांपैकी बारा टक्क्यांहून जास्त नाड्या सलग तीन रात्री उतरल्या नाहीत, की त्या गावच्या हॉलचं कुलूप आपोआप सुटायचं.

२०४४ आणि ४५ चे उन्हाळे वळवाने लवकर विझले. एकाही दाराची परीक्षा झाली नाही.

*

मे २०४६. ब्रह्मपुरीच्या आजूबाजूला उन्हाळी धान उभं होतं, बांधाबांधात पाणी. त्यामुळे हवेत ओल, आणि ओल्या हवेत कूलर म्हणजे नुसता पंखा. रात्री पारा छत्तीसच्या खाली येत नव्हता. तीन ट्रान्सफॉर्मर जळले होते.

एकोणीस तारखेच्या दुपारी बाबांचा फोन आला. मी आणि इम्तियाज जेवणाचे डबे उघडून बसलो होतो. हात खरकटा म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मोना, तुमचा मेसेज आला. पट्टी स्वताच्या मनगटावर बांधा म्हन्ते."

"मग बांधा ना बाबा."

"बांधलीच हाये वं."

"कुणाच्या मनगटावर?"

इम्तियाज खो खो हसला. मीही हसले. तिकडे बाबांनाही हसू आलं. "तुळसाबाईनं बकरी इकली मागच्या साली."

"मग यंदा कोण? तिचं पिल्लू?"

"नाही वं. मीच हाओ." थोडं थांबून ते म्हणाले, "बरं, आखीन घट्ट बांधून पाहतो."

"फार उकडतंय का?"

"उन्हाळाच हाये तो. तुमचा हॉल त उघडला नाही अजून. म्हन्जे तेवढं काही नसन, नाही?"

मी समोरच्या पडद्यावर ब्रह्मपुरीचा आकडा पाहिला. नऊ टक्के. "हो बाबा," मी म्हटलं, "रेषेच्या खाली आहे. पाणी पीत राहा."

तेवीस तारखेला पहाटे ते गेले. आईने चहा नेला तेव्हा ते अंगणातल्या खाटेवर कुशीवर वळलेले होते.

लाटेच्या त्या अकरा दिवसांत ब्रह्मपुरीतले आमचे नऊ सभासद गेले. अशा गटात एरवी त्या मुदतीत एखादाच जातो, तोही न जाण्याचीच शक्यता जास्त. जूनमध्ये मी कामावर परतले तेव्हा उन्हाळ्याचा अहवाल तयार होता. ब्रह्मपुरीविषयी त्यात एक वाक्य होतं: 'निर्देशांक रेषेखाली होता, लहान गटांत असे चढउतार अपेक्षित असतात.' वाक्य शास्त्राला धरून होतं. मी त्याखाली सही केली.

*

सभासद गेला की घरचे पट्टी परत पाठवतात. ती पुसून दुसऱ्याला द्यायची असते, त्याआधी घरच्यांची संमती लागते. बाबांची पट्टी पाकिटात घालून आईने माझ्याच नावाने पाठवली होती. ती सहा महिने माझ्या खणात पडून होती. डिसेंबरात भांडारवाल्यांनी दोनदा आठवण केली, तेव्हा मी ती काढली.

पुसण्याआधी एकदा पाहावं असं वाटलं, एवढंच. मला त्यांची शेवटची नाडी पाहायची होती. त्यात शोधण्यासारखं काही असेल असं मनातही नव्हतं.

तेरा मेच्या रात्री नाडी सत्याण्णव. चौदाला अठ्ठ्याण्णव. पंधराला एकशे एक. त्वचा अडतीस पूर्णांक दोन, चार, सहा. ही खाटेवर झोपलेल्या माणसाची नाडी होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीक खूण होती. ती खूण मीच ठरवली होती. तिचा अर्थ: गाळलेले.

मी त्या ओळी पुन्हा वरपासून वाचल्या. मग इम्तियाजला बोलावलं आणि म्हटलं, "ब्रह्मपुरीचा मे काढ. गाळणी बंद करून."

त्याने काढला. गावात चारशे अठरा पट्ट्या होत्या. त्यातल्या शहाण्णव गाळणीने बाहेर काढल्या होत्या. उरलेल्या तीनशे बावीस म्हणजे ज्यांच्या घरी एसी होता, इन्व्हर्टर होता, ज्यांची रात्र निवत होती. त्यांच्यात नऊ टक्के. ज्यांच्या नाड्या सर्वांत जास्त चढल्या होत्या नेमके तेच मोजणीत नव्हते. सगळ्यांना धरून आकडा होता तीस टक्के. दार सोळा मेला उघडायला हवं होतं. बाबांनी फोन केला त्याच्या तीन दिवस आधी.

"पण आपण गाळणी तपासली होती," इम्तियाज म्हणाला.

"जानेवारीत."

त्याने पडदा बंद केला. मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी हसलो होतो."

"विनोद मी केला होता," मी म्हटलं.

गेलेले नऊही जण त्या शहाण्णवांत होते. नवांनाही संदेश गेले होते. कोणाला चार, कोणाला सहा. बाबांना सात.

*

निधीच्या प्रमुख शरयूताई देवस्थळी. मला या कामात त्यांनीच आणलं. मी सगळे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला आणि आधी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"गाळणी आजच काढ," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत नवे नियम सहीला जातील, त्यात ती नसेल. नेहमीची सुधारणा म्हणून."

"आणि कारण?"

"कारण लिहायचंच असं नाही." त्या पुढे म्हणाल्या, "तुला वाचवायला बोलत नाहीये मी, मोनाली. तुझा सहीचा अधिकार जाईल, कदाचित माझाही जाईल, जाऊ दे. पण तूच मला शिकवलंयस, आधी मोजायचं मग बोलायचं. तर मोज. पट्टीने जिवंत माणसांना जनावर समजून सोडलं हे उद्या पेन्शनरांना कळलं, तर किती जण पट्ट्या काढून फेकतील?"

"चौथा हिस्सा असेल."

"मग बारा गावांतल्या दारांचं काय होईल?"

मी ते गणित तिथेच, त्यांच्या टेबलावर केलं. पट्ट्या चौथ्या हिश्शाने घटल्या, आणि घटणार गरिबांच्याच, की आकडा पुन्हा लंगडा होणार. दारं दोन ते चार दिवस उशिरा उघडणार. मागच्यासारखाच उन्हाळा आला तर चाळीस ते साठ माणसं जास्तीची जाणार.

"म्हणजे गेलेल्या नवांसमोर येणारे पन्नास," शरयूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "तुझे वडील परत येत नाहीत. पन्नास जण अजून आहेत. तूच ठरव."

गणितात मला चूक सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही. त्यांच्याकडून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, हेही मला लिहायला हवं. गप्प राहणं एकाच वेळी सोयीचं आणि योग्य असावं, असं आयुष्यात फार वेळा होत नाही.

*

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी ब्रह्मपुरीला गेले. आईला सांगायचं असं ठरवून गेले नव्हते. ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले, तिने न विचारता अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.

"बारीक झाली तू," ती म्हणाली. "डबा नेते का नाही?"

"नेते."

मी शेंगा सोलायला घेतल्या. मग मी विचारलं, "आई, तेव्हा तुम्ही माझ्याकडे नागपूरला का नाही आलात? मी दोनदा म्हटलं होतं."

"म्या त सामान बांधलं होतं," आई म्हणाली. "शेजारचा रमाकांत गाडी घेऊन येतो म्हने. पन हे आयकतेत का? म्हने, हॉल उघडला नाही, म्हन्जे मोनाच्या गनितात हे बसते. काही राहिलं असतं त तिनं दार उघडलं असतं. उगाच पोरीच्या डोक्याले ताप कायले. तिजारे भाऊ आले होते त्याच दिवशी, त्याईची पोरगी भंडाऱ्याले नेतो म्हने. त्याईलेही यानंच थांबवलं. म्हने, आपली मोना बसली हाये तिथं."

शंकर तिजारे बाविसाव्या तारखेला गेले होते. यादीत ते चौथे होते.

मग मी सांगितलं. बकरी, नियम, जानेवारी, शहाण्णव, सोळा तारीख. आईचे हात मध्येच थांबले, मग पुन्हा चालू झाले. माझं बोलणं संपलं तेव्हा तिच्या मांडीवरच्या शेंगा संपल्या होत्या.

"तुले मालूम होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"फोनवर हासली तवा?"

"नाही, आई."

"मी आयकत होतो," आई म्हणाली. "फोन ठेवला अन् त्याईनं पट्टी एक घर आत घेतली. मी म्हटलं, वळ उठन. त म्हने, उठू दे, पोरगी म्हन्ते बांधा." ती उठली, टरफलं सुपात भरली. "उठलाच होता वळ. आंघोळ घालताना पाह्यला."

ती आत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. भांड्यांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळाने ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. रडली होती की नाही ते मला कळलं नाही.

"तिजारे बाईले कोन सांगन?"

"तेच ठरत नाहीये," मी म्हटलं, आणि शरयूताईंचं गणितही सांगितलं. पन्नास माणसांचं.

आईने ते नीट ऐकून घेतलं. "म्हन्जे न सांगितल्यानं भरवसा राह्यते," ती म्हणाली.

"हो."

"भरवसा त यांचाही होता."

मी वर पाहिलं. त्या गणितात मी पट्टी काढणारे मोजले होते. पट्टीवर डोळे मिटून विसंबणारे, दार बंद आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून बांधलेलं सामान सोडणारे, त्यांचा रकानाच नव्हता.

"उद्या रविवार," आई म्हणाली. "पेन्शनवाल्याईची बैठक असते सकाळी, गारव्याच्या हॉलात. मी येतो संगं."

*

हॉल हिवाळ्यात पेन्शनरांना बैठकीसाठी मिळतो. सतरंजीवर त्रेचाळीस जण होते, मागे भिंतीशी दहा-बारा बाया. आई तिथे जाऊन बसली. भर्रे काका अध्यक्ष. बाबांच्याच गँगमधले, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली.

"ये बापा, मोठी साहेबीन आली," ते म्हणाले. "पेन्शन वाढवाले आली का कमी कराले?"

हशा झाला. मी उभी राहिले आणि सांगितलं. कागद आणला होता, त्यावरून वाचलं. 'प्रणालीतील त्रुटीमुळे काही नोंदी वगळल्या गेल्या' असं पहिलं वाक्य होतं. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापर्यंत त्यांना समजलं होतं. कोणीतरी म्हणालं, "म्हन्जे आमी मेसेज आला म्हनून पट्टी आवळत बसलो." दुसरा म्हणाला, "अन् तिकडं बकरी समजून राहिले होते."

पहिल्या रांगेतल्या एकाने पट्टी सोडली आणि सतरंजीवर ठेवली. मग त्याच्या शेजाऱ्याने. माझी नजर सवयीने मोजत गेली. अकरा. त्रेचाळिसांतले अकरा, म्हणजे चौथा हिस्सा. माझं गणित बरोबर निघालं होतं आणि मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

भर्रे काकांनी स्वतःची काढली नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"या दाराले हातानं उघडाची दांडी हाये का?"

"नाही, काका. उन्हाळ्यात कुलूप आकड्यानेच सुटतं."

"कोन्या येड्यानं केलं? सबस्टेशनात किती बी ऑटोमॅटिक स्विच राहो, त्याले हाताची दांडी राह्यतेच. मशीन झोपली त मानूस कायनं उघडन?" ते खाली ठेवलेल्या पट्ट्यांकडे वळले. "ते उचला रे. पट्टी नाही त हिले दिसन कसं? पन दांडी आमच्या हाती पाह्यजे. पाच म्हातारे म्हनले उघडा, त उघडलं पाह्यजे. अन् हे सारं कारनासकट कागदावर पाह्यजे, बाराही गावाले. लिही."

मी लिहिलं. फेब्रुवारीत सहीला जायच्या नव्या नियमांचा मसुदा पिशवीतच होता, सहीविना. समासात, हातानं, दांडी आणि कारण दोन्ही लिहिलं. अकरांतल्या सहांनी पट्ट्या उचलल्या. पाच तशाच पडून राहिल्या.

मी कागद मिटून पिशवीत ठेवू लागले.

"बसू नको," भर्रे काका म्हणाले. "तू अजून सांगितलंच नाही."

मला कळलं नाही.

"आमच्यात कोनी पोलवरून पडला, शॉक लागला, त ज्याच्या हातून लाईन चालू झाली त्यानं त्या पोलखाली उभं राह्याचं. सारी गँग समोर. 'झालं' म्हनाचं नाही. 'चुकून' म्हनाचं नाही. मी काय केलं, तेवढंच. अन् ज्याले लागलं त्याचं नाव घ्याचं. मंग त्यानंतर त्याले कोनी काही बोलत नोहतं. बोलाचंच नाही असा कायदा." त्यांनी उरलेल्या तीन बोटांचा हात मांडीवर ठेवला. "तुया बाप उभा राह्यला हाये तसा. याच हातासाठी. तुले सांगितलं नसन त्यानं."

नव्हतं सांगितलं. मी मागे आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं.

मी कागद खाली ठेवला.

"मी नियम लिहिला," मी म्हटलं. "जानेवारीत लिहिला आणि जानेवारीतच तपासला. उन्हाळ्यात माणसाची नाडी कशी होते हे मला माहीत होतं, त्याच ज्ञानावर मी हे दार बांधलं होतं. तरी मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले नाहीत. एकोणीस मेला एका माणसाने मला फोन करून सांगितलं की पट्टी त्याच्याच हातात आहे. मी हसले. मी पडद्यावर बघितलं आणि त्याला सांगितलं की सगळं ठीक आहे. जूनमध्ये नऊ माणसं गेल्याच्या कागदावर मी सही केली, असे चढउतार होतात म्हणून."

"नावं," भर्रे काका म्हणाले.

"बळीराम कुथे," मी म्हटलं. "अंबादास मैंद. यशवंत दोनाडकर." बायांमधून कुणाचा तरी श्वास ऐकू आला. "शंकर तिजारे."

पाचवं नाव तोंडात आलं आणि तिथेच अडकलं. मी 'बाबा' म्हणणार होते. पण तिथे ते माझे नव्हते, ते यादीतले पाचवे होते.

"देवराव ठेंगरी," मी म्हटलं, आणि त्यापुढे मला काही दिसेना.

कोणी पाणी आणलं नाही, कोणी 'असू दे' म्हटलं नाही. मग भिंतीकडून आईचा आवाज आला. कोरडा, रोजच्यासारखा.

"थांबू नको. अजून चार घरं हायेत. पुढचं नाव घे."

"वासुदेव राखडे," मी म्हटलं.